दाब उतरतोय

“आज किती गं?” बागवेनं मागून विचारलं.

मी संगणकाच्या पडद्यावरची लाल रेघ पुन्हा एकदा बघितली आणि आकडा सांगितला. “कालच्यापेक्षा उतरलाय थोडा,” मी म्हणाले.

बागवे मागेच उभा होता. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं, पण लेझरच्या त्या खोलीला काळे पडदे होते. दार लावलं की भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार व्हायचा. त्या अंधारात मला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“हं,” शेवटी तो म्हणाला. “जा आता घरी. बाळ रडत असेल.”

“ती रडत नाही,” मी म्हणाले.

सेल रुमालात गुंडाळून मुठीत घट्ट धरला आणि मी निघाले.

सेल म्हणजे पोलादाची एक डबी, मुठीत मावेल एवढी. तिच्या आत दोन हिरे टोकाला टोक भिडवून बसवलेले. मधे पत्र्याची चकती, चकतीला केसाएवढं भोक, आणि त्या भोकात आम्ही ज्याचा अभ्यास करत होतो त्या पदार्थाचा कण. बाजूचे स्क्रू आवळले की हिरे जवळ येतात आणि त्या कणावर पृथ्वीच्या पोटात असतो तसला प्रचंड दाब येतो. एरवी मख्ख असलेला तो पदार्थ असा चिरडून मग खूप गार केला की अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहू लागते. दाब किती आहे ते कळावं म्हणून शेजारी माणकाचा एक कण ठेवतात. त्याच्यावर लेझरचा हिरवा प्रकाश टाकला की तो लाल उजळतो, आणि दाब जसा वाढेल किंवा उतरेल तशी त्या लाल रंगाची रेघ पडद्यावर जराशी सरकते. ती रेघ वाचण्यात माझी काही वर्षं गेली होती.

सोळा वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. आमची संस्था सोलापूर रस्त्यावर, शहर संपल्यावर लागणाऱ्या माळावर होती आणि मागच्या अंगाला आमची क्वार्टर्स. मुलगी दीड महिन्याची झाली होती. मी रजेवर होते, तरी रोज दुपारी तिला पाजून, निजवून प्रयोगशाळेत यायचे, दाब वाचायचे आणि परत जायचे. आमच्या विभागप्रमुखांनी तर चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं होतं, “बघा, ओली बाळंतीण उन्हातून येऊन रीडिंग घेऊन जाते. शिका काहीतरी.” सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं होतं. बागवे तेवढा कपात बघत होता.

विनय बागवे माझ्याच वयाचा. लेझरचं काम त्याच्याकडे होतं. आमची मैत्री जुनी, अरे-तुरेची. माझ्या बाळंतपणात माझा सेल तोच सांभाळणार होता. पण बाळ आठवड्याचं झालं आणि मी जाऊन सेल घरी घेऊन आले. त्यानं विचारलं, “घरी कशाला? पडला-बिडला म्हणजे?”

“पडणार नाही,” मी म्हणाले होते.

घरी प्रसन्न, माझा नवरा, आणि सासूबाई होत्या. माझी आई मांडीचं हाड मोडून अंथरुणात पडली होती, म्हणून बाळंतपणाला गडहिंग्लजहून त्या आल्या. उंच, रुंद हाडाच्या, बोलायला मोकळ्या. आमचं चांगलं जमायचं. पहिल्या दिवशी बाळाच्या उशाशी तो सेल ठेवताना त्यांनी मला पाहिलं.

“काय गं ते सुनेत्रा?”

“कामाचं आहे, आई.”

त्यांनी उचलून वजन बघितलं, नखानं वाजवून बघितलं. “लोखंडच म्हणायचं की हे.”

“पोलाद आहे.”

“मग असू दे उशाशी. मी विळा ठेवणारच होते, पण प्रसन्न ओरडतोय. लोखंड असलं म्हणजे काही जवळ येत नाही.”

त्यांनी सेल स्वतःच्या हातानं उशीखाली नीट सारला. मला फार बरं वाटलं. या घरात आपल्याला समजून घेणारं एक माणूस आहे असं वाटलं.

मुलगी खरंच रडायची नाही. नुसती बघायची. तोंडासमोर चेहरा नेला तरी चेहऱ्याकडे न बघता त्याच्या जरा मागे बघायची, कुणी माझ्या खांद्यामागे उभं असल्यासारखी. दुपारी क्वार्टर्समध्ये चिटपाखरू हलायचं नाही. कूलरमधलं पाणी ठिबकलेलं ऐकू यायचं. मी पाळण्याशी बसून तिची छाती बघायचे. वर, खाली. वर, खाली. मग मधेच ती थांबायची. छाती खालीच राहायची, आणि घरात कूलरच्या ठिबकण्याशिवाय काही उरायचं नाही. मी उशीखाली हात घालून सेल मुठीत आवळायचे. मग ती श्वास घ्यायची.

सासूबाईंना मी सांगून टाकलं, कुकर लावायचा नाही.

“दचकते होय शिट्टीनं?”

“हो.”

“बरं बाई. पातेल्यात भात काही वाईट होत नाही.”

पण शेजारच्या क्वार्टरमध्ये अकराच्या सुमाराला कुकर लागायचा. तिकडे वाफ कोंडायला लागली की मला भिंतीतून कळायचं. मी धावत येऊन बाळाच्या छातीवर पंजा ठेवायचे आणि शिट्टी होऊन जाईपर्यंत तसाच दाबून धरायचे. ती माझ्यामागे बघत राहायची.

बाळाला दुपट्यात गुंडाळायला मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. “हातपाय आत, मान मोकळी. पोटात होती तशी वाटली पाहिजे तिला.” पण मी गुंडाळलेलं त्या येता-जाता सैल करायच्या.

“अगं, पुरचुंडी का करतेस पोरीची? उन्हाळा आहे.”

त्या आत गेल्या की मी पुन्हा घट्ट करायचे.

प्रसन्न शहरात विमा कंपनीत होता. सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. बाळ शांत, बायको शांत, आई खूश. तो ऑफिसात सांगायचा म्हणे, आमच्याकडे काही त्रासच नाही.

दीड महिन्याची लस द्यायला आम्ही संस्थेच्या दवाखान्यात गेलो. तिथे त्या वर्षी एक नवीन प्रकार सुरू झाला होता. लस झाली की प्रत्येक आईला बाजूच्या खोलीत बसवून दहा प्रश्न विचारायचे. बाळंतपणानंतर कुणाला मन खचण्याचा आजार होतोय का, ते बघायला शहरातल्या एका इस्पितळानं योजना काढली होती. प्रश्न विचारायला शबाना मुजावर नावाची एक मुलगी होती, मानसशास्त्रात नुकतीच एम.ए. झालेली. तिला सगळे मुजावर मॅडम म्हणायचे आणि त्यावर ती दर वेळी लाजायची.

मला परीक्षा कायमच आवडत आल्या आहेत. मी ताठ बसले.

“गेल्या आठवड्यात तुम्हाला मोकळेपणी हसता आलं?”

“हो.” आलं होतं. सासूबाई विनोदी बोलायच्या.

“झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का?”

“नाही.” झोप लागत नव्हती, पण वाईट वाटत नव्हतं.

“विनाकारण काळजी वाटते का?”

“नाही.”

“विनाकारण भीती?”

“नाही.”

एकही उत्तर खोटं नव्हतं. विनाकारण मला काहीच वाटत नव्हतं.

बाहेर आल्यावर प्रसन्न हसला. “यातही पहिली आलीस का?”

त्यानंतर दाब जास्तच उतरू लागला. रोज दुपारी रेघ थोडी मागे सरकलेली दिसायची. मी स्क्रू आवळायचे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. एक दिवस आवळताना हाताला कळलं की आता पुढे जाता येणार नाही. आणखी अर्धा फेरा दिला तर हिरे तडकतील.

“आज किती गं?” बागवेनं विचारलं.

मी सांगितलं.

तो माझ्यामागे आला, पडद्याकडे वाकून बघत राहिला. लेझरच्या उजेडात त्याचा चेहरा हिरवट दिसत होता. “सुनेत्रा,” तो म्हणाला, “सोडून दे ना हा सेल. नवीन भरू आपण. मी भरून देतो.”

“सोडून देऊ?” मी म्हणाले.

माझा आवाज बहुतेक वेगळा आला असावा. तो मागे सरकला. “तसं नाही. तुला वाटेल तसं कर,” म्हणाला, आणि दार उघडून उन्हात निघून गेला.

परत येताना माळावरून चालताना मला सगळं लख्ख दिसलं. सेलमधून जेवढं देता येत होतं तेवढं देऊन झालं होतं. उरलेलं आता तिलाच द्यायला हवं होतं, थेट.

सासूबाई रोज आंघोळीनंतर माझं पोट बांधायच्या. जुन्या सुती साडीचा लांब पट्टा, एक टोक मी धरायचं आणि त्या ओढून ओढून फेरे घ्यायच्या. “घट्ट पाहिजे. नाहीतर पोटात वारा शिरतो.” त्या दुपारी त्या आंघोळीला गेल्यावर मी तो पट्टा सोडला. माझ्या अंगाची ऊब त्याला होती. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि काखेपासून खाली, एकावर एक, फेरे घेत गेले. मी घाई केली नाही. मी तिच्याशी बोलत होते. ती माझ्या खांद्यामागे बघत होती. मग वरून दुपटं गुंडाळलं, म्हणजे पट्टा दिसणार नाही.

दुसऱ्याच दिवशी अडीच महिन्यांची लस होती. मुलीच्या अंगावर घामोळं उठलं होतं, अंग कोमट होतं, म्हणून सकाळची तिची आंघोळ मी टाळली होती. प्रसन्ननं सकाळी आम्हाला दवाखान्यात सोडलं आणि तो गाडीत पेट्रोल भरायला गेला. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. नर्सनं मांडीपुरतं दुपटं बाजूला करून सुई टोचली. बाळाचं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही. नर्स म्हणाली, “शहाणी आहे हो!” आणि पुढच्या बाळाकडे वळली.

मुजावर मॅडमच्या खोलीतली वीज गेली होती. पंखा बंद. त्यांना जबरदस्त सर्दी झाली होती, डोळे लाल, हातात रुमालाचा बोळा. मी बाळाला मांडीवर आडवं घेऊन बसले, मुठीत सेल.

“गेल्या आठवड्यात हसता आलं का मोकळेपणी?”

“हो.”

एकामागून एक प्रश्न आले, एकामागून एक उत्तरं दिली. मधेच त्यांना शिंक आली, लागोपाठ दुसरी आली, कागदावरची ओळ हरवली.

“हं… विना…” पुन्हा शिंक. “काळजी हो, काळजी,” वैतागून त्या म्हणाल्या. “वाटते का? आणि कारण काय?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी कारण विचारलं होतं.

“दाब उतरतोय,” मी म्हणाले.

“बीपी?” त्यांनी नाक पुसलं. “लो होतं का तुम्हाला? सिस्टरना सांगते मोजायला.”

“माझा नाही. हिचा.”

मी मूठ उघडून सेल टेबलावर ठेवला, आणि ठेवताक्षणी परत उचलला. मग मी सांगितलं. मुलगी आठवड्याची होती. मी पाळण्याशी बसले होते आणि तिची छाती खाली गेली ती वरच येईना. तेवढ्यात फोन वाजला. बागवे म्हणाला, “तुझ्या सेलचा दाब उतरलाय गं.” मी छातीकडे बघत राहिले. तो म्हणाला, “थांब, आवळतो जरा.” छाती तशीच. मग तो म्हणाला, “आला बघ जागेवर.” आणि तिनं श्वास घेतला.

“तेव्हापासून मी दोन्ही बघतेय,” मी म्हणाले. “रोज मोजते. पण आता सेल संपत आला. पुढे आवळला तर हिरे फुटतील. म्हणून कालपासून तिला बांधलंय.”

मुजावर मॅडमचा हात रुमालासकट टेबलावर थांबला होता. “बांधलंय म्हणजे?”

मी दुपटं बाजूला केलं.

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. पुढे वाकून बघितलं. पट्ट्याच्या वर बाळाचं तोंड काळपट लाल झालं होतं आणि ओठांच्या कडा जांभळ्या. मला ते रोजच्यासारखंच दिसत होतं.

“मॅडम, सोडायचं का जरा?” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही.”

“थोडं सैल?”

“नाही!” मी उठले. माझ्या मागे दार होतं, बाहेर बाक, पुढे माळ. कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं, पण इथून जायचं एवढं ठरलं होतं.

“बरं, बरं, नको,” मुजावर मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची पोर ती. तिनं दोन्ही हात माझ्यापुढे केले, ओंजळ करावी तसे. “असं करू या का? ते माझ्याकडे द्या. मी धरते. तुम्ही एका हातानं धरता ना, मी दोन्ही हातांनी धरते. माझी ताकद आहे त्यात घालते. तेवढ्या वेळात तुम्ही बाळाला सोडा. परत बांधायचं तर बांधा. मी हात काढणार नाही.”

“काढशील.”

“अल्लाशपथ नाही काढणार.”

मी विचार केला. हिशेब जुळत होता. दोन हातांचा दाब एका हातापेक्षा जास्त. मी सेल तिच्या ओंजळीत ठेवला आणि तिनं बोटांत बोटं गुंतवून तो असा आवळला की तिची नखं पांढरी पडली.

“सोडा,” ती म्हणाली.

मी पट्टा सोडू लागले. एक फेरा, दुसरा फेरा. प्रत्येक फेऱ्याला मी तिच्या हातांकडे बघायचे. ते हलले नव्हते. शेवटचा फेरा निघाला तेव्हा बाळाच्या छातीवर पट्ट्याच्या कडांचे लाल वळ दिसले, आणि मग मुलगी रडली. इतकी मोठ्यानं रडली की बाहेरून सासूबाई धावत आत आल्या.

“काय झालं गं?” त्यांनी वळ बघितले. पट्टा ओळखला. आणि त्या काहीतरी बोलायला गेल्या.

मुजावर मॅडमनं त्यांना डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. हात तसेच. “आजी, बाळ तुमच्याकडे घ्या. आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना म्हणावं, गाडी पाहिजे. मला उठता येत नाही.”

गाडी यायला बराच वेळ लागला. प्रसन्न आला. कुणी काही विचारलं, मी काही सांगितलं, यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की जीपमध्ये माझ्यासमोर एक मुलगी बसली होती, तिच्या नाकातून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही तिनं हात मोकळे केले नाहीत.

शहरातल्या इस्पितळात मला बाळासकट ठेवून घेतलं. डॉक्टर घारपुरे नावाच्या म्हाताऱ्या, करड्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी मला औषधांनी आधी झोपवलं. जागी झाल्यावर पुन्हा झोपवलं. किती दिवस गेले कुणास ठाऊक. हळूहळू मला ऐकू येऊ लागलं की बाळ रडतं. सासूबाई ते घेऊन फिरवतात, गप्प होतं, पुन्हा रडतं.

“बाळंतपणानंतर होतो काही बायकांना असा आजार,” डॉक्टर म्हणाल्या. “क्वचित होतो, पण बरा होतो. तान्ह्या मुलांचा श्वास असाच असतो, थांबत थांबत. बऱ्याच आयांच्या ते लक्षातही येत नाही. तुमच्या आलं, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. पुढचं सगळं आजारानं रचलं.”

मुजावरनं केलं ते मात्र त्यांना पसंत नव्हतं. “रोग्याच्या भ्रमात आपण शिरायचं नसतं. सांगितलंय मी तिला.” मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “दुसरं काय करायला हवं होतं, ते मात्र मला तिला सांगता आलं नाही.”

सासूबाई एक दिवस माझे केस विंचरताना म्हणाल्या, “लोखंड असू दे उशाशी, असं मीच म्हणाले होते की.” मी काही बोलायच्या आत त्यांनी वेणी घट्ट ओढली, मग लगेच सैल केली.

सेल डॉक्टरांच्या कपाटात होता. तो काय करायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. दीड-दोन महिन्यांनी मी म्हणाले, बागवेला बोलवा, स्क्रूची किल्ली घेऊन ये म्हणावं.

तो सकाळी आला. दाढी वाढलेली, हातात मोसंब्यांची पिशवी. खोलीत सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दाराशी डॉक्टर. बाळाचं बारसं तोवर इस्पितळातच उरकलं होतं. सावनी. ती झोपली होती.

“मी उघडू?” बागवेनं विचारलं.

“नको. मी.”

किल्ली बसवली. दोनदा निसटली. पहिला स्क्रू फिरवला. मग समोरचा. मग उरलेले दोन, थोडे थोडे. आवाज होत नाही. काहीच होत नाही. पोलादाचे दोन तुकडे हातात सुटे झाले.

मी सावनीकडे बघितलं. छाती खाली गेली होती. खालीच होती. सासूबाई मला बघत होत्या, डॉक्टर मला बघत होत्या, बाळाकडे कुणी बघत नव्हतं. मी ओरडले नाही. तिच्याकडे गेले नाही. पलंगाची लोखंडी दांडी धरून बसून राहिले.

मग छाती वर आली.

डॉक्टर गेल्या. सासूबाई बाळाला घेऊन व्हरांड्यात गेल्या. बागवेनं सेलचे तुकडे घेतले, खिशातलं छोटं भिंग काढलं आणि उजेडाकडे धरून बघितलं. बघायची त्याला गरज नव्हती, हे मला नंतर कळलं.

“सुनेत्रा, एक सांगायचंय,” तो म्हणाला. “हा सेल मीच घालवला. त्या दिवशी तुला फोन केला ना, आवळतो म्हणालो, तेव्हा जास्त आवळला गेला. दाब आला जागेवर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर चकतीचं भोक फाटून पार कडेपर्यंत गेलेलं. आत दाब शून्य. तुझा कण गेला, माणिकसुद्धा उडून कुठल्या कुठे.”

“म्हणजे?”

“तुझं वर्षाचं काम होतं त्यात. कसं सांगायचं, या विचारात होतो, तेवढ्यात तू आलीस. सेल लावलास, पडद्यासमोर बसलीस आणि शांतपणे आकडा सांगितलास. मला वाटलं, तुला कळलंय, आणि तू मला लाजवत नाहीयेस. मग रोज यायला लागलीस. रोज आकडा सांगायला लागलीस.” त्यानं भिंग खिशात टाकलं. “मी मागे उभा असायचो गं. पडद्यावर काहीच नसायचं. नुसता काळा पडदा. मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. पण आकडा असा यायचा तुझा, दशांशापर्यंत, मला वाटायचं माझ्याच डोळ्यांत काहीतरी बिघडलंय.”

त्याच्यावर रागवायचं मला सुचलंच नाही. मी ती रेघ आठवत होते. लाल, धारदार, रोज जराशी डावीकडे सरकलेली. आजही डोळे मिटले की ती मला दिसते, आणि मी ती वाचू शकते.

पुढे सगळं मार्गी लागलं. औषधं दोन वर्षांनी बंद झाली. मी कामावर परतले, मात्र दाबाचं काम सोडून दिलं. बागवे दुसऱ्या संस्थेत गेला. दिवाळीला फोन करतो. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, शेवटपर्यंत सावनी त्यांच्याच कुशीत झोपायची. सावनी सडपातळ, बडबडी, घरात तिच्या पायाचा आवाज सतत असतो. तिला हे सगळं मी सांगितलं आहे. ती म्हणाली, “बाप रे, आई,” आणि पाच मिनिटांनी क्लासला गेली.

मागच्या वर्षी तिचा चष्मा करायला एका दुकानात गेलो होतो. ती आत डोळे तपासून घेत होती. काउंटरशी उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

“कोरगावकर मॅडम ना तुम्ही?”

मी ओळखलं नाही. मग त्यांना शिंक आली आणि ओळखलं. अंगानं भरल्या होत्या, कानामागे केस पिकले होते. आता त्या मोठ्या इस्पितळात होत्या, मुलींना हेच काम शिकवत होत्या. मी त्यांचे हात हातात घेतले.

“तेव्हा कधी नीट भेटताच आलं नाही,” मी म्हणाले. “जीपमध्येसुद्धा तुम्ही हात सोडले नव्हते. मला समजावायला एवढं करायची गरज नव्हती. मी निम्मी गुंगीत होते, मला कळलंही नसतं.”

त्या हसल्या. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

“तुमच्यासाठी नव्हतं हो ते, मॅडम. कुणाला सांगितलं नाही मी आजवर. घारपुरे बाईंनी कामावरून काढलं असतं. दवाखान्यात गाडीची वाट बघत होतो ना, तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. बाळ आजींच्या मांडीवर, माझ्यासमोर. माझी बोटं दुखायला लागली. म्हटलं, नुसता डबा तर आहे. केली सैल. बघायला.”

“मग?”

“बाळ थांबलं.”

दुकानात कुणीतरी काचा पुसत होतं. त्या कापडाचा आवाज येत होता.

“तान्ह्या मुलांचं तसं असतं, माहीत आहे,” त्या घाईनं म्हणाल्या. “आज मीच शिकवते ते मुलींना. पण मी परत आवळला, मॅडम. आणि मग इस्पितळात डॉक्टरांनी बोटं उघडून काढून घेईपर्यंत सोडला नाही.”

तेवढ्यात सावनी बाहेर आली, नाकावर कुणाची तरी फ्रेम लावून. “आई, ही कशी दिसते?” मी मुजावर मॅडमची ओळख करून दिली. सावनीनं हात जोडले आणि काहीतरी बोलू लागली, फ्रेमच्या रंगाबद्दल. मुजावर मॅडम मान डोलावत होत्या. त्या सावनीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर जरा खाली, तिच्या गळ्याच्या खोबणीशी, कुडत्याच्या वर-खाली होणाऱ्या बटणांवर थांबली होती.

ते बघणं मला कुठेही ओळखू येतं.